पट्टा किती आवळावा?

फेब्रुवारी २०२२मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले आणि ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ हे लांबलचक नाव आपल्याकडच्या पुष्कळ घरांत पहिल्यांदा उच्चारले गेले. विकार तसा जुनाच. झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात. काही जणांच्या बाबतीत इतके सैलावतात की श्वासाची वाटच मिटते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, मोठा आवाज करून वाट उघडते आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. श्वास थांबण्याचे किंवा उथळ होण्याचे असे प्रसंग तासाला पाचाच्या वर गेले की डॉक्टर त्याला विकार म्हणतात, तिसाच्या वर गेले की तीव्र विकार. यावर सर्वांत रुळलेला उपाय म्हणजे सीपॅप. उशाशी ठेवलेले एक लहान यंत्र रात्रभर किंचित दाबाची हवा नळीतून मास्कमध्ये सोडत राहते आणि तो दाब घशाची वाट उघडी धरतो.

यंत्राबद्दल लोक बोलतात, मास्कबद्दलही बोलतात. मला लिहायचे आहे ते खोक्याच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या तिसऱ्या वस्तूबद्दल. मास्क चेहऱ्यावर धरून ठेवणारे पट्टे. त्यांना हेडगिअर म्हणतात. चांगले हेडगिअर कसे असावे, या प्रश्नाला ते बनवणारे लोक दोन शब्दांत उत्तर देतात: आरामदायक आणि पक्के. हे दोन शब्द शेजारी शेजारी इतके सुखाने बसलेले दिसतात की त्यांच्यात काही भांडण असेल अशी शंकाही येत नाही. भांडण आहे, आणि ते फक्त कापडाचे आणि वेल्क्रोचे नाही.

आधी कापडाचेच पाहू, कारण तिथला हिशेब सोपा आहे आणि थोडा चकित करणारा आहे. या यंत्रांचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. साधारण चार ते वीस एवढी त्यांची मर्यादा असते. दहा सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहा ग्रॅम भार. नाकावरच्या मास्कने झाकलेले क्षेत्र पंचवीस चौरस सेंटिमीटर धरले, तर आतली हवा त्या मास्कला चेहऱ्यापासून दूर ढकलते ती अडीचशे ग्रॅम भाराने. पावशेर! नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क सत्तर चौरस सेंटिमीटरचा धरला तर सातशे ग्रॅम. म्हणजे पट्ट्यांना धरून ठेवायचे आहे ते एका पिशवीतल्या भाजीएवढे ओझे. भर म्हणून नळीचा हिसका, कूस बदलताना उशीचा धक्का आणि पट्टा गालावरून तिरका जात असल्यामुळे वाया जाणारा थोडा जोर. तरीही हे काम पैलवानाचे नव्हे.

मग माणसे सकाळी गालावर वळ घेऊन का उठतात? नाकाच्या हाडावर, जिथे कातडीखाली मांस जवळजवळ नसतेच, तिथे लालभडक खूण का उमटते? कारण बांधणारा हिशेब करून बांधत नाही, भीतीने बांधतो. हवा कुठून तरी सुटल्याचा फुसफुस आवाज आला की हात आपोआप पट्ट्याकडे जातो आणि पट्टा आणखी ओढला जातो. मास्कच्या कडेला सिलिकॉनचा जो पातळ पडदा असतो, तो आतल्या हवेने फुगून आपण होऊन चेहऱ्याला चिकटावा अशीच त्याची रचना असते. पट्टा फार आवळला की तो पडदा चुरगळतो, त्याला घड्या पडतात आणि त्या घड्यांतून हवा अधिकच सुटते. मग माणूस अजून आवळतो. मास्क आडवे पडून, यंत्र चालू ठेवून बसवावा असे सांगतात त्याचे कारणही हेच आहे: आडवे पडल्यावर गाल वेगळे पसरतात, चेहरा वेगळा होतो. आरशासमोर उभे राहून बांधलेला मास्क हा उभ्या माणसाचा मास्क असतो.

वापरणारा मीही आहे, म्हणून इतक्या खात्रीने लिहितो आहे. पण माझा अनुभव इथे फारसा कामाचा नाही, आणि का नाही हाच या लेखाचा खरा मुद्दा आहे.

हेडगिअर ही बहुधा अशी एकमेव पोशाखाची वस्तू असावी, जी वापरणारा माणूस वापराच्या वेळी हजरच नसतो. चप्पल चावते हे चालणाऱ्याला कळते. फेटा सैल झाला हे मिरवणाऱ्याला कळते. हेडगिअरबद्दल आपल्याला कळते ते दोन टोकांचे: दिवा मालवल्यापासून झोप लागेपर्यंतची पंधरा मिनिटे आणि सकाळचे वळ. मधले सहा-सात तास, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्याबद्दल वापरणाऱ्याची साक्ष शून्य. दुकानात चाचणीसाठी मास्क लावून बसलेला ग्राहक जागा असतो. तो ‘हा बरा वाटतोय’ म्हणतो तेव्हा तो दुसऱ्याच कोणाच्या वतीने बोलत असतो.

झोपेच्या साक्षीचा हा प्रश्न आपल्या दर्शनांनी बराच घोळवला आहे. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, छान झोप लागली, काही कळले नाही. हे त्याला कुठून समजले? नैयायिक म्हणतात, हे अनुमान आहे: मधल्या काळाची काहीच आठवण नाही, अंग ताजेतवाने आहे, त्यावरून त्याने ते ताडले. अद्वैती म्हणतात, अनुमान नव्हे, ही स्मृती आहे. झोपेतही साक्षी होताच आणि त्याने ते सुख आणि ते अज्ञान दोन्ही अनुभवले, म्हणून तर आता आठवते. शेकडो वर्षांच्या या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. ती म्हणजे, झोप खरोखरच छान लागली होती. स्लीप ॲप्नियाचा रुग्ण हे गृहीतकच मोडतो. तो तितक्याच प्रामाणिकपणे म्हणतो, छान झोप लागली. आणि शेजारी झोपणारी त्याची बायको सांगते की त्याचा श्वास रात्रभर अडकत होता, ती मोजत बसली होती, एकदा तर तिने त्याला गदागदा हलवले. त्याला यातले काहीही आठवत नाही. नैयायिक इथे थोडे सुटतात, अनुमान चुकू शकते असे म्हणून. अद्वैत्यांच्या साक्षीला मात्र मी विचारू इच्छितो की महाराज, तेव्हा आपण काय पाहत होता?

प्रश्नोपनिषदात असे सांगितले आहे की झोपेत सगळी इंद्रिये विसावली तरी या देहरूपी नगरीत प्राणांचे अग्नी जागे असतात. ही प्रतिमा वैद्यकाच्या दृष्टीनेही चूक नाही. घशाची वाट मिटते तेव्हा छातीखालचा पडदा हवा ओढण्याची खटपट करतच असतो. पहारेकरी जागाच असतो, बंद झालेला असतो तो दरवाजा. शेजारी जागे राहिलेल्या माणसाला ही खटपट दिसते. छाती वरखाली होते आहे, पोट हलते आहे आणि नाकातून काहीच येत नाही. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. झोपलेला मात्र निवांत असतो.

थोडक्यात, हेडगिअर बांधतो एक जण, त्याची गरज असते दुसऱ्याला आणि ते हवे आहे असे पहिल्यांदा जाणवते ते बहुतेक वेळा तिसऱ्याला. यांतले पहिले दोघे एकाच नावाने ओळखले जातात, एवढ्यावरून ते एकच आहेत असे धरायचे का?

मला वाटते धरू नये, निदान रात्रीपुरते तरी. आणि याचा पुरावा सर्वांत साधा आहे. असंख्य वापरणारे सकाळी उठतात तेव्हा मास्क शेजारी पडलेला असतो, यंत्र बंद असते आणि हे कोणी केले याची त्यांना काडीचीही आठवण नसते. केले त्यांनीच. रात्री दोन-तीनच्या सुमारास त्यांचा हात वर गेला, चाप सोडवला, पट्टा डोक्यावरून काढला, कधी कधी यंत्राचे बटणही दाबले आणि ते पुन्हा झोपले. हे सगळे नीट, क्रमाने, बोटांनी करायचे काम आहे. म्हणजे झोपलेल्याला हात आहेत आणि त्याला एक मतही आहे. दिवसाच्या माणसाने संकल्प सोडला, रात्रीच्या माणसाने तो मोडला.

आता हेडगिअर बनवणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो. त्याने कोणाची बाजू घ्यायची? ‘पक्के’ या शब्दाचा अर्थ नुसता हवेच्या दाबाला पुरून उरणारे असा घेतला, तर पावशेराचे काम आहे, ते कधीच साधले आहे. पण त्याचा अर्थ झोपलेल्या हाताला पुरून उरणारे असा घेतला, तर ते बांधणे राहत नाही, ते जखडणे होते. मळणीच्या बैलाच्या तोंडाला जाळीचे मुसके बांधतात आणि गुन्हेगाराच्या मुसक्या आवळतात. हे दोन शब्द मराठी कानाला सख्खे वाटतात. करोनाच्या दिवसांत खेड्यापाड्यांत लोक मास्कला सरळ मुसके म्हणत. तो शब्द थट्टेचा असला तरी त्यात एक नेमकी जाण होती. तोंडावर काही बांधले जाते तेव्हा ते कोणाच्या सोयीसाठी, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

या उपायाचा इतिहास पाहिला तर ही ओढाताण अगदी पहिल्या दिवसापासून दिसते. १९८०च्या आधी तीव्र विकारावर खात्रीचा उपाय एकच होता: गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांच्यापुढे १९८०मध्ये अशी शस्त्रक्रिया नको असलेला एक रुग्ण होता. सलिव्हन यांनी नाकातून दाबाची हवा देऊन पाहिली आणि तो माणूस रात्रभर शांत झोपला. पुढच्या वर्षी, १९८१मध्ये, पाच रुग्णांवरचा त्यांचा निबंध ‘द लॅन्सेट’मध्ये आला. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरलेली होती. आणि मास्क? प्रत्येकाच्या नाकाचा साचा घेऊन तयार केलेला, रोज रात्री सिलिकॉनच्या चिकट लुकणाने चेहऱ्यावर चिकटवायचा. सकाळी खरवडून काढायचा. पक्केपणाच्या बाबतीत त्याला तोड नव्हती. झोपलेला हात त्याचे काही बिघडवू शकत नव्हता.

गळ्याचे भोक, मग चेहऱ्यावरचे लुकण, मग चाप असलेला पट्टा. या तीन पायऱ्यांकडे लोक सोयीचा इतिहास म्हणून पाहतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. प्रत्येक पायरीवर रुग्णाच्या हातात अधिक सत्ता आली, आणि प्रत्येक पायरीवर उपाय अधिक कच्चा झाला. गळ्याची नळी झोपेत कोणी काढत नाही. पट्टा काढतात. हा तोटा जाणूनबुजून पत्करला गेला, आणि तो पत्करणे बरोबर होते असे माझे मत आहे. पण त्यामुळे प्रश्न संपत नाही.

कारण समोरची बाजूही कच्ची नाही. घाटातून रात्रपाळीची बस काढणारा चालक तीव्र विकाराचा रुग्ण असेल आणि त्याचा झोपलेला हात रोज दोन वाजता मास्क काढत असेल, तर दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर त्याचा डोळा लागण्याची शक्यता वाढते आणि मागे चाळीस माणसे बसलेली असतात. त्या चाळीस जणांनी झोपलेल्या हाताच्या स्वातंत्र्याचा आदर का करावा? अतिदक्षता विभागात भ्रमिष्ट अवस्थेतल्या रुग्णाने नळ्या उपसू नयेत म्हणून त्याचे हात बांधतात, तेव्हा आपण कुरकुरतो पण मान्य करतो. तान्ह्या मुलाने तोंड ओरबाडू नये म्हणून त्याच्या हातांना मोजे घालतो. मग इथेच का थांबायचे?

एक उत्तर अगदी व्यवहाराचे आहे आणि ते बनवणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत आहे. झोपेत उलटी झाली, वीज गेली, यंत्र बंद पडले, तर नाक-तोंड झाकणारा मास्क क्षणात निघाला पाहिजे. म्हणूनच त्याला हवा बंद होताच उघडणारी झडप असते आणि एका हाताने सुटणारे चाप असतात. जे सहज सुटत नाही ते सुरक्षित नाही. इथे ‘पक्के’ आणि ‘सुरक्षित’ हे एकमेकांच्या विरोधात उभे राहतात. वीज जाण्याचा नेम नसलेल्या गावात हा मुद्दा सिडनीपेक्षा जड होतो, हे सांगायला नको.

दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. झोपलेला हात मास्क काढतो तेव्हा तो मूर्खपणा करत असतो असे आपण समजतो. पण तो बहुतेक वेळा काहीतरी सांगत असतो. नाकाच्या हाडावर दुखते आहे. कानाच्या पाळीवरून पट्टा घासतो आहे. मानेखाली घाम साचला आहे. दाब कमी पडतो आहे, किंवा जास्त होतो आहे. जो माणूस हजर नाही, ज्याची साक्ष सकाळी मिळत नाही, त्याचे आपल्यापाशी पोचणारे हे एकुलते एक विधान आहे. ते ऐकायचे सोडून त्याचा हात बांधला, तर झोपलेल्याबद्दल आपल्याला काहीच कळण्याची वाट राहणार नाही. बसचालकाच्या बाबतीतही उत्तर हेच: त्याचा मास्क रोज दोनला का निघतो ते शोधा. आणि ते सापडेपर्यंत त्याला घाटात पाठवू नका. बंधन घालायचेच तर ते जाग्या माणसावर घाला, ज्याला ते समजते आणि ज्याच्याशी वाद घालता येतो.

या बाबतीत सध्याची रीत मात्र उलटी चालली आहे. यंत्रांत आता मोडेम असतो. किती तास वापर झाला, किती हवा सुटली, याचा अहवाल रोज सकाळी पाठवला जातो. अमेरिकेत मेडिकेअरच्या नियमानुसार पहिल्या तीन महिन्यांत सलग तीस दिवसांच्या काळात सत्तर टक्के रात्री किमान चार तास वापर दिसावा लागतो, नाहीतर यंत्राचे पैसे मिळणे थांबू शकते. यामागचा संशय निराधार नाही. १९९३मध्ये अमेरिकेत यंत्रातच छुपा मोजक बसवून केलेल्या एका अभ्यासात या कसोटीला निम्मेही रुग्ण उतरले नव्हते आणि रुग्ण सांगत ते तास मोजलेल्या तासांपेक्षा जास्त होते. तरीही त्या नियमात एक विचित्र गोष्ट आहे. झोपेत घडलेल्या कृत्याचा दोष आपण एरवी कोणाला देत नाही. झोपेत कोणी बडबडले तर ते त्याचे मत धरत नाही. इथे मात्र रात्री तीन वाजता हाताने काय केले याचा हिशेब जागा माणूस देतो, आणि त्याच्या कागदावर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा पडतो.

२०१६मध्ये ‘सेव्ह’ नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीच असलेल्या २,७०० हून अधिक लोकांवरची ही चाचणी. सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झाल्याचे तीत दिसले नाही. दिवसाची झोपाळूपणाची तक्रार मात्र कमी झाली, मन हलके झाले. आणि सरासरी वापर होता रात्री ३.३ तास. त्यावर वाद झाले, अजून होतात: उपायच हृदयाला अपुरा की वापर अपुरा? मला त्या वादात पडायचे नाही, तो अधिकार माझा नाही. पण ३.३ या आकड्याकडे मी थांबून पाहतो. इतकी माणसे, निवडून घेतलेली, समजावून सांगितलेली, पाठपुरावा केलेली, आणि अर्ध्या रात्रीच्या आसपास त्यांनी ती वस्तू वापरणे सोडले. एखादा माणूस दमला तर त्याच्या चिकाटीकडे बोट दाखवता येते. इतकी माणसे दमली तर आधी वस्तू हातात घेऊन तिच्या शिवणी तपासाव्यात.

आणि शिवणी तपासायला लागले की दिसते, ही वस्तू कुठल्यातरी एका डोक्यासाठी शिवलेली आहे. खालचे पट्टे कानाखालून मागे जातात आणि कवटीच्या मागच्या फुगवट्याखाली अडकतात. डोक्याला पट्टा धरून ठेवण्यासाठी निसर्गाने दिलेली ती एकच खुंटी. नेमक्या तिथेच आपल्याकडच्या बायकांचा अंबाडा असतो, किंवा वेणीची सुरुवात. वरचा पट्टा माथ्यावरून जातो. केस राखणाऱ्या शिखाचा जुडा तिथे असतो. दाढीवर सिलिकॉन बसत नाही, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे, आणि दाढी काढा हा सल्ला सगळ्यांना सारखाच देता येत नाही. पट्ट्याचे कापड बहुतेक वेळा दोन कापडांमध्ये फोमचा थर असलेले असते. थंड देशातल्या शयनगृहात ते मऊ आणि उबदार वाटते. मे महिन्यात मुंबईत, पंख्याखाली, ते घामाने जड होते आणि आंबूस वास धरते. यांतली एकेक गोष्ट बारीक आहे. पण रात्री दोन वाजताच्या हाताला असल्याच बारीक गोष्टी समजतात.

मुलांची गोष्ट बारीक नाही. लहान वयापासून वर्षानुवर्षे रोज रात्री मास्क लावावा लागलेल्या काही मुलांच्या चेहऱ्याचा मधला भाग वाढताना चपटा राहिल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. हाडे वाढत असतात आणि पट्टा त्यांना रोज रात्री काही तास उलट दिशेने दाबत असतो. मुलाला श्वास तर हवाच. म्हणून डॉक्टर मास्कचा प्रकार बदलत राहतात, चेहऱ्यावर लक्ष ठेवतात. ‘पक्के’ या शब्दाची किंमत इथे वळाने भागत नाही, ती चेहऱ्याने मोजली जाते, आणि ज्याचा चेहरा आहे त्याला कोणी विचारलेले नसते. मोठ्यांनी आपल्या पट्ट्याबद्दल काहीही ठरवावे. मुलाच्या पट्ट्याची घट्टी ठरवताना हात थरथरायला हवा.

सोय करायला जावे तर तीही निष्पाप राहत नाही, याचे एक उदाहरण सांगतो. वेल्क्रो अंधारात सोडवणे कठीण, सांधे दुखणाऱ्या बोटांना प्लास्टिकचे आकडे अवघड. म्हणून काही मास्कच्या चापांत लोहचुंबक बसवले गेले. नुसते जवळ नेले की टक् करून बसतात, किंचित ओढले की सुटतात. जखडणे नको आणि निसटणेही नको, अशा दोन्ही मागण्यांना हे इतके सुंदर उत्तर होते की मला आजही त्याचे कौतुक वाटते. २०२२च्या सप्टेंबरमध्ये फिलिप्स रेस्पिरॉनिक्स या कंपनीने इशारा दिला: शरीरात पेसमेकरसारखे उपकरण किंवा चुंबकाने हलू शकेल असा धातूचा तुकडा बसवलेला असेल, तर हे चाप वापरू नयेत, त्यापासून सहा इंच, म्हणजे सुमारे पंधरा सेंटिमीटर अंतर राखावे. आणि ही सूचना फक्त मास्क लावणाऱ्यापुरती नव्हती. त्याच्या शेजारी झोपणाऱ्यालाही ती लागू होती. पुढच्या वर्षी रेसमेडनेही आपल्या मास्कबद्दल अशाच सूचना दिल्या. एकाच्या दुखऱ्या बोटांची सोय आणि दुसऱ्याच्या हृदयातली बॅटरी यांच्यात वीतभर अंतर हवे, आणि दोघे एकाच पलंगावर.

शेजारी झोपणाऱ्या माणसाची आठवण चुंबकाने करून दिली हे बरे झाले, कारण नीतीच्या चर्चेत तो नेहमी राहून जातो. घोरणाऱ्याची थट्टा करायला आपल्याला कुंभकर्ण पुरतो. घोरणाऱ्याच्या बायकोवर कोणी विनोद करत नाही, तिच्याबद्दल कोणी काही म्हणतच नाही. वर्षानुवर्षे श्वास मोजणारी तीच, डॉक्टरांकडे ओढून नेणारी तीच, आणि यंत्र घरात आल्यावर डोक्याला पट्टे, नाकाला सोंड अशा अवतारातल्या माणसाशेजारी झोपणारीही तीच. दिवसा डोक्यावर चढवतो त्या सगळ्या गोष्टी, टोपी, फेटा, बाशिंग, माणसाला आहे त्याहून थोडा मोठा करतात. ही एकच अशी आहे की चढवताच माणूस खुर्चीवर बसलेल्या रुग्णासारखा लहान दिसू लागतो. नवऱ्यासमोर हे घालायला नको म्हणून उपाय सोडणाऱ्या बायका आहेत, दिवा मालवेपर्यंत पट्टा हातात धरून बसणारे पुरुष आहेत. त्यांना उथळ म्हणणे मला जमत नाही. माणूस कसा दिसतो याचा ‘आरामा’त समावेश करायला बनवणारे हल्ली शिकले आहेत, पट्टे बारीक झाले, कपाळावरचा टेकू गेला, नळी माथ्यावरून निघू लागली. त्याला विक्रीचे कारण असेल. असू दे.

आणि मग तिच्यापुढे एक प्रश्न येतो, तो कुठल्याही माहितीपुस्तिकेत नसतो. रात्री तिला जाग येते. मास्क थोडा सरकला आहे, हवा त्याच्या डोळ्यावर सुटते आहे, तो झोपेत आहे. उठवले तर झोप मोडेल, जिच्यासाठी हे सगळे चालले आहे. न उठवता पट्टा ओढायचा तर त्याच्या डोक्याला त्याच्या नकळत हात लावायचा. काही जणी मास्कची कड दोन बोटांनी किंचित उचलतात आणि पुन्हा टेकवतात, म्हणजे पडदा आपोआप फुगून नीट बसतो. पट्ट्याला हातच लावत नाहीत. हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. फुसफुस थांबते. त्याला सकाळी विचारले तर तो म्हणतो, छान झोप लागली.